ग्रुपवर पैसा जमतो, हिशेब चावडीवर कोण मांडणार?

विटा : पानी फाउंडेशनचा 'सत्यमेव जयते फार्मर कप' ठराविक तालुक्यांपुरता न ठेवता सगळ्या महाराष्ट्रात नेण्याची घोषणा मार्च २०२५ मध्ये पुण्यात बालेवाडीला झाली. म्हणजे 'आमचा तालुका स्पर्धेतच नाही' ही सबब आता संपली. गट करायचा का, केला तर त्यात कोण कोण, शेतीशाळा ऑनलाइन भरणार असेल तर ती बघायची कुणाच्या मोबाईलवर, हे प्रश्न खानापूर, आटपाडी, कडेगाव, माणच्या गावांपुढं उभे आहेत.

प्रश्न एका स्पर्धेपुरता नाही. गेल्या दहा वर्षांत गावाचं भलं करायला बाहेरची संस्था येवो की गावातलीच चार पोरं उठोत, पहिलं काम एकच होतं, व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा. दवाखान्यात पडलेल्या माणसाला मदत, शाळेच्या खोलीवरचा पत्रा, देवळाचा सभामंडप, रक्ताची बाटली, चुकलेली म्हैस, सगळं त्याच ग्रुपवर. त्यातलं काही तडीला जातं आणि बरंचसं चार अंगठे आणि दहा जोडलेल्या हातांच्या चित्रावर थांबतं. कुठलं जातं आणि कुठलं थांबतं, हे आपल्याच भागातली उदाहरणं मांडून बघितलं तर बरंच कळतं.

सुरुवात वॉटर कपपासून करू, कारण तो अजून सगळ्यांच्या ध्यानात आहे. २०१६ साली पहिला वॉटर कप झाला तो तीनच तालुक्यांत. अमरावतीचं वरुड, बीडचं अंबाजोगाई आणि साताऱ्याचं कोरेगाव. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं पहिला नंबर काढला आणि ५० लाख नेले. पुढच्या वर्षी तालुके ३० झाले, २०१८ ला ७५. त्या वर्षीचा पहिला नंबर विट्यापासून फार लांब नसलेल्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा, बक्षीस ७५ लाखांचं. आमिर खान गावात येतो याचं अप्रूप होतं, टीव्हीवर 'तुफान आलंया' लागायचं, फेसबुकवर रात्री बॅटऱ्यांच्या उजेडात चर खणणाऱ्या बायाबापड्यांचे व्हिडिओ फिरायचे. २०१८ ला शहरातल्या लोकांसाठी 'जलमित्र' म्हणून ऑनलाइन नोंदणी ठेवली. लाखाच्या वर लोकांनी नावं घातली आणि १ मे रोजी महाश्रमदानाला पुण्या-मुंबईची माणसं टिकाव-घमेलं घेऊन माळावर उभी राहिली. बहुतेकांच्या हाताला तासाभरात फोड आले असतील, पण आली खरी.

हे सगळं बघून लोकांचा समज झाला की मोबाईल आणि टीव्हीनं ही चळवळ उभी केली. अर्धंच खरं आहे ते. स्पर्धेत उतरायचं तर गावानं पाच माणसं निवडून चार दिवसांच्या निवासी प्रशिक्षणाला पाठवायची, त्यात बायका असायलाच हव्यात, ही पहिली अट होती. तिथं दोन काठ्या आणि पाण्याची नळी एवढ्यावर तयार होणारा हायड्रोमार्कर वापरून समतल रेषा कशी आखायची हे शिकायचं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं अडवायचं हे समजून घ्यायचं. मग गावात येऊन तेच दारोदार सांगायचं. त्या पाच जणांनी शिव्याही खाल्ल्या. 'आमिर खानला सांग माझ्या रानात चर काढायला' हे त्यांनी ऐकलं. ४५ दिवस, ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हात रोज पहाटे कुणाला तरी उठवायला जावं लागतं. ते काम कुठलं ॲप करत नाही. ज्या गावांत असे पाच जण निघाले नाहीत, तिथं ग्रुप होता, पोस्टर होतं, उद्घाटनाचा नारळही फुटला होता, पण माळ तसाच राहिला.

आता वॉटर कपची दुसरी बाजू. पाणी अडवायची स्पर्धा झाली, अडवलेलं पाणी वाटायची झाली नाही. विहिरींना पाणी आलं तसं बऱ्याच ठिकाणी ज्याची मोटर मोठी त्याचं रान आधी भिजलं. ज्याला जमीनच नाही त्यानं श्रमदान केलं, फोटोत दिसला, आणि पाणी दुसऱ्याच्या उसाला गेलं. पानी फाउंडेशनला याची जाणीव झाली असावी, कारण नंतर फार्मर कपमध्ये भर पाण्याच्या वापरावर, गटशेतीवर आणि खर्च कमी करण्यावर आला. २०२२ चा पहिला फार्मर कप ३९ तालुक्यांत झाला. बांधावर एकटा झुंजणारा शेतकरी मोडीत निघतो, पंधरावीस जण एका पिकाला एकत्र बसले तर बियाणं, औषध, मजुरी सगळ्यात बचत होते, हा त्यामागचा विचार. कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ ऑनलाइन शेतीशाळेत येतात, शेतकरी फोनवरून विचारतो. पूर्वी राहुरीचा शास्त्रज्ञ विट्याला यायचा तो मेळाव्याच्या स्टेजवर, हार घालून घ्यायला. आता तो खिशात आला, ही साधी गोष्ट नाही.

पण पाणी वाटायचा प्रश्न आपल्या तालुक्यानं मोबाईल येण्याच्या आधीच सोडवून दाखवला होता, हे विसरून चालणार नाही.

बलवडीचं उदाहरण

येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं ते १९८० च्या दशकात. मुंबईतला गिरणी संप १९८२ चा. संपात होरपळलेले कामगार गावाकडं परतले, तेव्हा इथं दुष्काळ. नदी कोरडी आणि ठेकेदार नदीतली वाळू ट्रकनं उचलून नेत होते. वाळू गेली तशा विहिरी आटल्या. मुक्ती संघर्ष चळवळीनं, डॉ. भारत पाटणकर, संपतराव पवार आणि गावातल्या असंख्य माणसांनी, उलटा हिशेब मांडला. वाळू आमच्या नदीतली, तर थोडी वाळू आम्ही विकू आणि त्याच पैशात धरण बांधू. सरकार सहजासहजी तयार झालं नाही, लढावं लागलं. पैसे तरी कमी पडले, तेव्हा शहरातल्या पाठिराख्यांनी बिनव्याजी पैसे दिले. इंजिनिअर के. आर. दाते यांच्यासारखा जाणकार मदतीला आला. विद्यार्थी श्रमदानाला आले.

आजच्या भाषेत याला क्राउडफंडिंग म्हणतील. जलमित्रही म्हणतील. फरक एवढाच, की तेव्हा निरोप पोस्टकार्डावर जायचा आणि पैसे देणारा माणूस एकदा तरी येरळेच्या पात्रात उभा राहून बघून जायचा. सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याच्या वाटपाची. धरणाचं पाणी समान वाटायचं, घरटी वाटा, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. हा नियम धरण व्हायच्या आधी ठरला. नंतर ठरवायला बसले असते तर आजतागायत बसले असते.

टेंभूचं पाणी आल्यापासून या पट्ट्यातली नवी पोरं दुष्काळाच्या गोष्टी आजोबांकडून ऐकतात. द्राक्षबागा आहेत, ऊस आहे, विट्यात यंत्रमाग आहेत, पोल्ट्र्या आहेत. तरी बलवडीचा तो नियम जुना झालेला नाही. ऑनलाइन मदतीचा कुठलाही व्यवहार घ्या, भांडण शेवटी तिथंच येतं. आधी काय ठरलं होतं आणि ते कुणाकुणाला माहीत होतं?

गलाईवाल्यांचा ग्रुप

विट्याच्या आसपासच्या गावांचं एक वेगळेपण आहे. सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात इथली माणसं पिढ्यान् पिढ्या देशाच्या कानाकोपऱ्यात पांगली आहेत. तमिळनाडू असो, बंगाल असो की पंजाब, सराफ कट्ट्यावर गेलं की खानापूर, आटपाडी, तासगावचा कुणीतरी भेटतोच. गावातली कितीतरी घरं, देवळं, शाळेच्या खोल्या या भट्टीच्या धगीतून उभ्या राहिल्या आहेत. पूर्वी ही माणसं यात्रेला किंवा दसऱ्याला आली की देवळात बैठक बसायची, वहीत नावं लिहिली जायची, आकडा मोठ्यानं वाचला जायचा. ज्यानं कमी दिलं त्याला सगळ्यांसमोर टोमणाही बसायचा.

आता बैठक बारा महिने ग्रुपवर चालते. गावाकडून फोटो पडतो, शाळेची भिंत खचली. अर्ध्या तासात कोचीनहून पाच हजार, कोलकात्याहून अकरा हजार. यूपीआयमुळं पैसा यायला मिनिट लागत नाही. कोविडच्या काळात याच जाळ्यानं किती घरांना औषधपाणी, किती गावांना ऑक्सिजनची मशिनं मिळवून दिली हे गावोगाव माहीत आहे. लांब बसलेल्या माणसाला गावासाठी काही करायची आस असते, आणि मोबाईलनं त्या आसेला वाट करून दिली.

अडचण पैसा आल्यानंतर सुरू होते. तो जातो कुठं? बहुतेक वेळा कुणातरी एका कार्यकर्त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात, कारण क्यूआर कोड त्याचाच असतो. त्याच खात्यावर त्याच्या दुधाचं बिल येतं, त्याच्यातूनच खताचे पैसे जातात. माणूस प्रामाणिक असला तरी सहा महिन्यांनी कुणाचे किती आणि खर्च किती हे त्यालाही सांगता येत नाही. मग कुजबुज सुरू होते. निवडणूक आली की कुजबुजीचा आरोप होतो, आणि ज्यानं धावपळ केली तोच चोर ठरतो. पुढच्या वेळी तो पुढं येत नाही. एका गावात असं झालं की शेजारच्या तीन गावांतले पैसे देणारेही हात आखडतात. तालुक्यातल्या चांगल्या कामांचा गळा चोरीपेक्षा या अशा गोंधळानंच जास्त वेळा आवळला आहे.

यात कायदाही आहे, तो फार जणांना ठाऊक नसतो. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली. ते कलम नुसत्या गणपतीसाठी नाही. नोंदणी नसलेल्या लोकांनी धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा केला तर त्यालाही ते लागू पडतं. अर्ज ऑनलाइन करता येतो. ज्यांना दर वर्षी काम करायचंय त्यांनी सरळ संस्था नोंदवावी, दोन-तीन सह्यांचं स्वतंत्र खातं काढावं, हिशेब तपासून घ्यावा. बाहेरगावचे व्यापारी आयकराच्या सवलतीची पावती मागतात ती '८० जी'ची, आणि ती मान्यताप्राप्त संस्थेलाच देता येते. एखाद्याच्या खासगी खात्यावर टाकलेल्या पैशाला ती सवलत नाही. रोख दिलं तर दोन हजारांच्या पुढच्या रकमेलाही नाही.

कुणी म्हणेल, भावकीत कशाला कागदं? भावकीतच लागतात. परक्याशी भांडण झालं तर कोर्ट आहे, भावकीत झालं तर लग्नकार्याला जाणं बंद होतं.

मदतीच्या नावाखाली फसवणारेही आता हुशार झालेत. आजारी पोराचा फोटो खरा, दवाखान्याचं नाव खरं, खाली खातं मात्र तिसऱ्याचंच. अशा पोस्ट जुन्या असतात, पोर बरं होऊन शाळेत जायला लागलेलं असतं आणि फोटो फिरतच असतो. पैसे टाकण्याआधी दवाखान्याच्या बिलिंग खिडकीवर फोन करून रुग्णाचं नाव विचारावं आणि शक्यतो दवाखान्याच्याच खात्यावर भरावं. फसलं गेलं तर १९३० या सायबर हेल्पलाईनला ताबडतोब फोन करावा. जितका उशीर तितका पैसा पुढं सरकतो.

पूर आणि अफवा

ऑगस्ट २०१९ चा महापूर जिल्ह्याला विसरता येणार नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्याच वेळी जिल्ह्याच्या पूर्व भागात जनावरांच्या छावण्या चालू होत्या, एका जिल्ह्यात महापूर आणि दुष्काळ एकदम. मोबाईलवरच्या हाकेला राज्यभरातून लोक धावले. ट्रकच्या ट्रक भरून बिस्किटं, कपडे, पाण्याच्या बाटल्या आल्या. माणुसकीला तोड नव्हती.

पण रस्त्याकडेच्या गावांत ढीग लागले आणि आतल्या वाड्या-वस्त्यांना दोन-दोन दिवस काही पोचलं नाही, हेही घडलं. ज्या गावाचा व्हिडिओ फिरला तिथं दहा ट्रक गेले, ज्याचा फिरला नाही तिथं एकही नाही. जुन्या साड्यांचे ढिगारे नंतर चिखलात पडलेले लोकांनी पाहिले. गावात काय हवंय, कुठल्या वस्तीवर किती घरं आहेत, रस्ता कुठून चालू आहे, ही यादी ज्या गावाकडं होती त्यांना मदत नेमकी मिळाली. ती यादी सरपंच, ग्रामसेवक, आशा ताई, पोलीस पाटील यांच्या डोक्यात असते. ती ग्रुपवर टाकायला मात्र त्या वेळी कुणाला सवड नव्हती, आणि बऱ्याच ठिकाणी टॉवरही बंद पडले होते. २०२१ ला पुन्हा पूर आला. कृष्णाकाठच्या गावांनी आता पावसाळ्याआधीच ती यादी कागदावर काढून ठेवायला हवी, आणि दुष्काळी तालुक्यांनीही, कारण टंचाईतही टँकर असाच वाटला जातो. ज्याचा फोन लागतो त्याच्या दारात आधी.

याच मोबाईलनं दुसरं काय केलं तेही लिहिलं पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे इथून काही तासांच्या वाटेवरचे. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तिथं कित्येक दिवस फिरत होते. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल असं बंधन घातलं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. मेलेले परत आले नाहीत, आणि मारणाऱ्यांचीही घरं उद्ध्वस्त झाली.

एवढं होऊनही सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्याला, पंढरपूरकडं निघालेल्या चार साधूंना पोरं चोरणारे समजून लोकांनी पट्ट्यानं आणि काठ्यांनी मारलं. त्यांनी वाट विचारली होती, एवढाच गुन्हा. जीव वाचले ते नशीब.

म्हणून गावाच्या ग्रुपचा ॲडमिन हा शोभेचा मानकरी नाही. तलाठ्याच्या निरोपाइतकीच त्याच्या ग्रुपवरच्या मेसेजला किंमत आली आहे. 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेला मेसेज आला की आधी पोलीस पाटलाला फोन, मग बाकी. ज्या गावांना तातडीच्या निरोपाची खरी सोय हवी त्यांच्यासाठी ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. सांगली, साताऱ्यासह बऱ्याच जिल्ह्यांत ती पोलिसांच्या मदतीनं चालते. गावातले मोबाईल नंबर आधी नोंदवायचे. चोर, बिबट्या, आग, पूर असं काही झालं की नोंदणी असलेल्या माणसानं टोल फ्री नंबरला फोन करून आपल्या आवाजात निरोप सांगायचा आणि तो निरोप गावातल्या सगळ्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. साध्या बटनाच्या फोनवरही वाजतो, म्हणजे आजीलाही कळतं आणि रानातल्या गड्यालाही. कुणी निरोप दिला याची नोंद राहते, त्यामुळं अफवा पसरवायचं धाडस होत नाही. ज्या गावात ती नाही त्यांनी विटा पोलीस ठाण्यात चौकशी करावी.

फोन कुणाच्या हातात

'स्मार्टफोन घरोघर आहे' असं सगळे म्हणतात. घरोघर आहे, हातोहात नाही. घरात एक चांगला फोन असला तर तो घरच्या कर्त्याच्या खिशात असतो, संध्याकाळी पोराच्या हातात. खुरपण, बीजप्रक्रिया, वेचणी, जनावरांची धार, हे जिच्या अंगावर असतं ती फोनपर्यंत पोचते तेव्हा बॅटरी संपलेली असते. ऑनलाइन शेतीशाळेत सांगितलेली बीजप्रक्रिया प्रत्यक्षात ती करणार आणि शेतीशाळा बघणार तिचा नवरा, तर त्या शाळेचा अर्धा उपयोग तिथंच गेला. बायकांच्या गटांनी समाजमंदिरात एका भिंतीवर प्रोजेक्टर लावून किंवा एका टीव्हीला फोन जोडून एकत्र बसून शेतीशाळा बघितली तर हा अडसर निघतो. बघून झाल्यावर तिथंच दहा मिनिटं बोलणं होतं, त्यातच खरं शिक्षण होतं.

म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं 'माणदेशी तरंग' हे रेडिओ केंद्र चालवलं, जतच्या जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचं 'येरळावाणी' आहे. रेडिओला डेटा लागत नाही, हात लागत नाही, भाकरी थापताना ऐकता येतो. नव्या ॲपच्या घाईत अशा जुन्या साधनांना कमी लेखायचं कारण नाही.

विट्याला राहून गेलेल्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांची गोष्टही इथं सांगावीशी वाटते. २०२१ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. इंग्रजांच्या काळात भवानीनगरच्या पोलीस चौकीबाहेर नवऱ्यानं मारहाण केल्याचं नाटक करून त्यांनी पोलिसांना गुंतवून ठेवलं आणि तेवढ्यात साथीदारांनी आत जाऊन बंदुका पळवल्या. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या ऑनलाइन संग्रहानं हौसाताईंची ही हकिगत त्यांच्याच तोंडून टिपून जगापुढं ठेवली. 'पारी' लोकांच्या देणग्यांवर चालतो आणि मराठीतही फुकट वाचता येतो. कुंडलचे कॅप्टन भाऊ, शेणोलीला १९४३ मध्ये रेल्वे लुटणारी तुफान सेना, हे सगळं तिथं आहे. आपल्याच तालुक्यातला इतिहास जपायला साईनाथांसारखा माणूस जिना चढून हौसाताईंसमोर बसला तेव्हा तो इंटरनेटवर आला. नव्वदीतल्या बाईनं स्वतः उठून काही अपलोड केलं नसतं. असे किती म्हातारे विट्यात, बलवडीत, देवराष्ट्रेत काही न सांगता गेले असतील. प्रत्येक हायस्कूलमध्ये चांगले फोन असलेली पोरं आहेत. त्यांना सुट्टीत एवढंच काम दिलं तरी पुरे.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं तर वेगळाच रस्ता धरला. लॉकडाऊनमध्ये शिकण्यासाठी पोरांच्या हातात दिलेले फोन परत काही सुटेनात, म्हणून २०२२ च्या १५ ऑगस्टपासून गावानं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की टीव्ही, मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. साडेआठला दुसरा भोंगा. सरपंच विजय मोहिते आणि गावातल्या बायका-शिक्षकांनी सुरुवातीला घरोघर फिरून हे पाळायला लावलं. परदेशातल्या बातम्यांतही ते झळकलं. गंमत अशी, की फोन बंद ठेवणाऱ्या गावाचं नाव जगभर फोनवरूनच पोचलं. मात्र नुसता भोंगा लावून बघणाऱ्या गावांनी तिथली घरोघर फिरणारी माणसं आधी मोजावीत.

फार्मर कपसाठी गट करणाऱ्या गावांना या सगळ्यातून घेण्यासारखं बरंच आहे. गटाचं खातं पहिल्या बैठकीत निघावं आणि त्यावर एका तरी बाईची सही असावी. सामूहिक खरेदीची पावती ज्या दिवशी येईल त्याच दिवशी ग्रुपवर पडावी. ग्रुपवर नसलेल्यांसाठी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकडा लिहावा, कारण फळा स्क्रोल होऊन वर निघून जात नाही. बक्षीस मिळालं तर ते कसं वाटायचं, गटात मजुरी करणाऱ्या भूमिहीन घराचा त्यात वाटा किती, हे पेरणीआधी लिहून घ्यावं. बलवडीच्या लोकांनी धरणाचा पहिला दगड बसवायच्या आधी पाण्याचं असंच ठरवून ठेवलं होतं. बाहेरगावच्या गलाईवाल्यांना गटाला मदत करायची असेल तर त्यांनीही नुसता क्यूआर कोड मागू नये. खातं कुणाच्या नावावर आहे, सह्या कुणाच्या आणि मागच्या वर्षीचा हिशेब ग्रामसभेत कधी वाचला, हेही विचारावं. उत्तर आलं तर पैसे पाठवावेत, नाही आलं तर यात्रेला येऊन बैठकीत विचारावं.